होन्नव्वाचं कडवं

‘तांबडा धागा’ हे गाणं तुम्ही ऐकलं असेल. बेळगावात ते आता रिक्षातसुद्धा वाजतं. परवा एका मासिकात त्यावर लेख आला होता. गाण्यातली आक्का म्हणजे ‘सीमाभागाच्या वेदनेचं प्रतीक’, असं लिहिणाऱ्यानं ठरवून टाकलं होतं. मी मासिक मिटलं आणि बराच वेळ चिडून बसले. शांताक्का प्रतीक नव्हती. ती वडगावात राहायची, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचे यंत्रमाग होते, चहात साखर कमी पडली की ती भर गल्लीत चहा करणारीच्या नावानं ओरडायची, आणि बाळूच्या गिटारला शेवटपर्यंत ‘ते लाकूड’ म्हणायची. माणसाचं प्रतीक केलं की त्याला साखर लागत नाही. लिहिणाऱ्यांना हे फार सोयीचं असतं.

मी येळ्ळूरची. आमच्या घरी सीमाप्रश्नाची पत्रकं छापून यायची, वाटून उरायची, आणि उरलेल्या पत्रकांवर आई भाकऱ्या गार करायला ठेवायची. ‘आमचा हक्क’ ही अक्षरं उलटी होऊन भाकरीला चिकटायची आणि ती मी भाकरीबरोबर खाल्ली आहेत. त्यामुळे रेणुकानं मला पहिल्यांदा त्या शेडमध्ये नेलं तेव्हा इथली माणसं कोणत्या बाजूची, हेच मी आधी शोधू लागले. काही कळलं नाही. मागांचा आवाज एवढा होता की कोण कोणत्या भाषेत बोलतंय तेच ऐकू येत नव्हतं.

रेणुका शहापूरची, भिंती रंगवणारी. तिची आई आक्काकडे सुताच्या कांड्या भरायला यायची, म्हणून रेणुकाला ती शेड लहानपणापासून माहीत होती. बाळू कंग्राळीचा. आठवडाभर एका कारखान्यात लेथवर उभा राहायचा आणि रविवारी गायचा. इम्रान पिरनवाडीचा, ड्रम वाजवणारा. या दोघांना गावात कुणी सरावाला जागा देईना. देवळाच्या हॉलमधून काढलं, मित्राच्या गच्चीवरून काढलं, एका शाळेच्या शिपायानं तर गिटारची वायरच ओढून बाहेर फेकली. शेवटी रेणुका म्हणाली, जिथं आधीच कान फुटायची वेळ आहे तिथं चला. विणकरांच्या गल्लीत ड्रमचा आवाज कुणाला खुपणार?

आक्कानं त्या तिघांना बघितलं आणि एकच विचारलं.

“माग बंद करा म्हणशीला का?”

“न्हाय आक्का,” बाळू म्हणाला.

“मग बडवा काय बडवायचं ते.”

आक्काला फार कमी ऐकू यायचं. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं. त्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची तीच गत. पण या बायका एकमेकींशी दिवसभर बोलायच्या. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. शेडच्या या टोकाहून त्या टोकाला ‘आमटी सांडली’, ‘सासू आली’, ‘वीज जाणार हाय म्हणं’ अशा बातम्या ओठांवरून जायच्या. आक्काला तर मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही ओठांवरून वाचता यायच्या. मात्र स्वतःचा आवाज किती मोठा आहे याचा तिला पत्ता नसायचा. बाजारात ती वांगी निवडता निवडता रेणुकाच्या लग्नाचं कुठं अडलंय हे साऱ्या भाजीवाल्यांना सांगून मोकळी व्हायची.

ड्रम ऐकायला ती इम्रानजवळ येऊन तळहात जमिनीवर टेकायची. डोळे बारीक करायची. मग म्हणायची, “पोचलं.” हीच तिची दाद. गिटारचं मात्र काहीच पोचायचं नाही.

“काय रं बाळू, ते लाकूड कशाला गळ्यात घालतास? त्याचं कायच येईना बघ.”

“आक्का, ह्याच्यावरच तर गाणं चालतंय.”

“चालूलालाय की न्हाय कुणास ठाव. इम्रान्याचं पोचूलालाय.”

इम्रान या वाक्यावर आठवडाभर जगायचा.

बाळूला मात्र आक्कापर्यंत पोचायचं होतं. गिटारनं जमेना, म्हणून तो तोंडानं पोचवू लागला. तो आक्काच्या समोर उभा राहायचा आणि प्रत्येक शब्दाला ओठ एवढे ताणायचा की दाढा दिसाव्यात. आज त्याच्या त्या गाण्याच्या पद्धतीवर पोरं नकला करतात, वेडंवाकडं तोंड करून व्हिडिओ टाकतात. कुणी त्याला बंडखोर शैली म्हणतं, कुणी परदेशी बँडची नक्कल म्हणतं. एका बाईला शब्द दिसावेत म्हणून तो तसं तोंड उघडायचा, एवढंच ते आहे.

हळूहळू शेडमध्ये आणखी माणसं येऊ लागली. कुणी कविता घेऊन यायचं, कुणी कापडावर ठसे मारून पोस्टर करायचं. कवीला तिथं फार अवघड जायचं, कारण मागांच्या आवाजात कवितेची पहिली ओळसुद्धा टिकायची नाही. टाळ्या मिळवायच्या तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे, आणि ओरडून म्हटलेली खोटी ओळ लगेच खोटी वाटे. मी तिथं माझ्या बऱ्याच ओळी मोडून काढल्या.

रेणुकानं सूत रंगवून उरलेल्या रंगात शेडची आतली भिंत रंगवली. मागापाशी उभी असलेली आक्का, अगदी छतापर्यंत. आम्ही सगळे बघतच राहिलो. आक्का आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ही कोण?”

“तुमीच की आक्का.”

“माझं नाक एवढं हाय?”

“हाय की.”

आक्कानं नाक चाचपून बघितलं आणि तो मुद्दा सोडून दिला. मग म्हणाली, “ही उभीच का? दिवसभर मी उभी, भिंतीवर पण उभीच? बसव तिला.”

रेणुकानं पुढच्या रविवारी चित्रातले पाय पुसले आणि आक्काला पाटावर बसवलं. चित्र बिघडलं. गुडघे कुठल्या कुठं गेले, माग हवेत लटकल्यासारखा दिसू लागला. रेणुका हळहळत होती, पण आक्का येता-जाता त्या बसलेल्या बाईकडे बघून खूश व्हायची. “आता बरं वाटतंय तिला,” म्हणायची.

एकदा पोलीसही आला. कुणीतरी तक्रार केली होती की इथं पोरं जमतात आणि भडक गाणी म्हणतात. तो हवालदार कन्नड बोलणारा, दमलेला माणूस होता. त्यानं आक्काला विचारलं, पोरं कुठल्या भाषेत गातात? आक्का म्हणाली, “सुती बी हाय, रेशमी बी हाय.” त्यानं पुन्हा विचारलं. आक्का म्हणाली, “लेकीचं लगीन झालं की. रबकवीला दिली.” त्यानं घसा फाटेपर्यंत तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला. तो चहा पिऊन निघून गेला. त्याच्या ओठांवरचा शब्द न् शब्द तिला पहिल्याच वेळी कळला होता, हे तो गल्लीबाहेर पडल्यावर तिनं स्वतःच सांगितलं. सांगताना ती एवढ्यानं ओरडली की आम्हाला वाटलं, आता तो परत येतो.

गाण्याचा जन्मही तिच्या त्या आवाजामुळंच झाला.

रविवारची दुपार होती. माग सुरू होते. आक्का रेणुकाला जवळ बसवून कन्नडमध्ये काहीतरी सांगत होती. खडखडाटात ते आमच्यापर्यंत येणार नव्हतं, आणि म्हणूनच ती सांगत होती. अचानक वीज गेली. माग थांबले. शेडमध्ये एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत आक्काचा आवाज तसाच मोठ्यानं चालू राहिला. तिला माग थांबल्याचं लगेच कळलं नाही. ती बोलत होती आणि आम्ही सगळे ऐकत होतो. कन्नड थोडंफार सगळ्यांनाच कळायचं, उरलेलं रेणुकानं मागाहून सांगितलं.

ती तिच्या थोरल्या बहिणीबद्दल बोलत होती. बहिणीचं नाव होन्नव्वा. शहापुरातल्या त्यांच्या घरी हातमाग होता आणि रुंद काठाच्या साड्या दोघी बहिणी मिळून विणायच्या. विणताना होन्नव्वा हसायची आणि वडील रागवायचे. प्रत्येक साडीच्या काठात, आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी ती एक तांबडा धागा घालायची. “ही माझी,” म्हणायची. साड्या विकल्या जायच्या, कुठल्या कुठं जायच्या, पण ज्या बाईच्या अंगावर ती साडी असेल तिला न कळता होन्नव्वा तिच्याबरोबर फिरत असणार, असं दोघींनी ठरवलं होतं. मग होन्नव्वा तापानं गेली, लग्नाआधीच. वडिलांनी पुन्हा तिचं नाव काढलं नाही आणि घरात कुणाला काढू दिलं नाही. तिचा फोटो नव्हता.

आमची तोंडं बघून आक्काला कळलं. तिनं मागांकडे बघितलं.

“ऐकलासा व्हय सगळ्यांनी?” आता ती मराठीत बोलत होती.

“बरं झालं,” ती म्हणाली. “मला एकटीलाच ठाव हुतं. मी मेल्यावर कुणाला ठाव असणार हुतं?”

बाळूनं त्या आठवड्यात गाणं केलं. पहिलं कडवं मराठीत, आक्काचं. ‘काठात दडवला तांबडा धागा, कुणाला दिसंना, कुणी इचारंना.’ दुसरं कन्नडमध्ये, कारण आक्का होन्नव्वाशी कन्नडमध्येच बोलली असती. बाळूला कन्नड बाजारापुरतं येत होतं. रेणुकानं शब्द दिले. त्या कडव्यात होन्नव्वाला हाक आहे: ‘होन्नव्वा, एल्ली अदी?’ कुठं आहेस गं? गाण्यात बहिणीचं नाव येतं ते तिथंच. बाळूनं ते आक्कासमोर पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती त्याच्या ओठांकडे बघत होती. नाव आलं तेव्हा तिनं हात वर केला. थांब. पुन्हा म्हण. त्यानं पुन्हा म्हटलं. दर रविवारी त्याला ते कडवं दोनदा म्हणावं लागायचं.

मग गणपती आले. बेळगावातल्या एका मंडळानं त्यांना मंडपात गायला बोलावलं. खरा स्टेज, खरे स्पीकर, समोर गर्दी. मंडळाचे सेक्रेटरी गजाभाऊ. तसे चांगले गृहस्थ, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी बाळूला स्टेजमागं गाठलं. मी तिथंच होते.

“ते गाणं म्हण. पण कानडी तेवढं नको.”

“भाऊ, ते गाणंच तसं हाय.”

“आपल्या मंडपात? पोरं स्टेज खाली आणतील, बाळू. तू कंग्राळीचा, तुला सांगायला पायजे व्हय?”

मी बोलायला तोंड उघडलं तर गजाभाऊ म्हणाले, “आणि तू तर कुणाची पोरगी! तू तरी सांग ह्याला.” गाणं पुरंच म्हणू दे, असं मी सांगितलं ते त्यांना आवडलं नाही. पण गाणार बाळू होता. समोर आक्का बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. बाळूनं पहिलं कडवं म्हटलं, आणि दुसऱ्याच्या जागी पुन्हा पहिलंच म्हटलं. टाळ्या खूप पडल्या. खाली उतरल्यावर तो मला म्हणाला, “आक्काला कुठं ऐकू येतंय. गाणं झालं एवढं तिला दिसलं.”

माणूस घाबरला की किती मूर्ख होतो! जिच्यासाठी वर्षभर ओठ ताणले तिलाच कळणार नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

पुढच्या रविवारी शेड उघडी होती. माग सुरू होते. चहा आला, साखरही बरोबर होती. फक्त आक्का बाळूकडे पाठ करून बसली होती.

इम्राननं ठेका धरला. बाळूनं पहिली ओळ म्हटली, त्या पाठीकडे बघत. दुसरी म्हणता येईना. तो फिरून तिच्या समोर गेला. आक्कानं पाटासकट स्वतःला वळवलं. तो पुन्हा फिरला, ती पुन्हा वळली. इम्रानला हसू आवरेना आणि रेणुका रडायच्या बेतात. शेवटी बाळू तिच्या पायाशी जमिनीवरच बसला, म्हणजे तिला खाली बघावंच लागेल.

“मी बघितलो,” आक्का म्हणाली. “दोन बारी एकच गायलास. होन्नव्वा कुठं हाय त्यात?”

“आक्का, लोकांनी दगड मारले असते.”

“मारू देत की. होन्नव्वाला लागत न्हाय आता.”

“मला लागलं असतं.”

“व्हय,” ती म्हणाली. “ते खरं हाय.” आणि पुढं, “मग गाऊ नको. ते गाणंच गाऊ नको. माझं अर्धं गाऊन तिला ठेवू नको मागं. बापानं ठेवली, तू बी ठेवतास?”

बाळूनं तोंड हातात लपवलं. आक्कानं त्याचे हात धरून खाली केले. ती त्याची समजूत घालत होती असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तो काय बोलतोय ते तिला बघायचं होतं.

इथं मला माझं म्हणणं मांडलंच पाहिजे. आमच्या भाषेवर इथं अन्याय झाला, हे मी आजही म्हणते आणि म्हणत राहीन. माझ्या वडिलांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या. पण मेलेल्या बहिणीला मारलेली हाक ज्या मंडपात बसत नाही, त्या मंडपात माझी भाषासुद्धा मोठी होत नाही. नुसती मोठ्यानं वाजते. हे मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “गजाला सांग जा.” मी सांगून आले.

त्यानंतर निपाणीहून बोलावणं आलं. तिथं तरुणांचा एक कार्यक्रम होता. बाळूनं फोनवरच सांगितलं, गाणं पुरं म्हणणार, नाहीतर येत नाही. आयोजक म्हणाला, बघू. बाळू म्हणाला, बघू नको, सांग. तिकडून ‘या’ आलं, जरा कुरकुरतच.

आम्ही टेम्पोतून गेलो. ड्रम, स्पीकर, आम्ही आणि चालकाशेजारी आक्का. वाटेत ती चालकाला त्याच्या गाडीचा कुठला नट ढिला आहे ते सांगत होती. पायाला हादरा लागतोय म्हणे. त्यानं संकेश्वरला गाडी थांबवून बघितलं, सगळं घट्ट होतं. “मग रस्ताच ढिला हाय,” आक्का म्हणाली.

कार्यक्रम संध्याकाळी एका मैदानात झाला. आक्काला पहिल्या रांगेत बसवलं. बाळूनं मराठी कडवं म्हटलं. मग गिटार खाली सोडली, माइक दोन्ही हातांनी धरला, नेहमीसारखे ओठ ताणले आणि हाक मारली. मागून कुणीतरी ओरडलं, “मराठीत म्हण की रं!” पाण्याची एक बाटली स्टेजवर येऊन पडली. इम्राननं डोकं खाली घातलं आणि ड्रम आणखी जोरात वाजवला. काही पोरं उठून भज्यांच्या गाड्याकडे गेली. बाकीची बसून राहिली. बाळूचा आवाज मधे फाटला, पण तो थांबला नाही. कडवं संपलं तेव्हा आक्कानं हात वर केला. बाळूनं बघितलं आणि त्या गर्दीपुढं ते पुन्हा म्हटलं. मोबाइलवर फिरतं ते याच संध्याकाळचं गाणं. कडवं दोनदा का आहे, असं लोक विचारतात.

त्या हिवाळ्यात आक्कानं माग मोडीत दिले आणि ती रबकवीला लेकीकडे राहायला गेली. शेडच्या जागी आता दुचाकींचं गॅरेज आहे. निपाणीनंतर मला ती भेटलेली नाही.

त्या संध्याकाळी निपाणीत कार्यक्रम संपल्यावर आम्ही सामान उतरवून टेम्पोपाशी आणलं, तर टेम्पोच्या मागच्या फळीवर आक्का बसली होती आणि तिच्या शेजारी एक अनोळखी म्हातारी. तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांवरून ती विड्या वळणारी असावी. ती आक्काचा चेहरा आपल्याकडे वळवून विचारत होती, “होन्नव्वा कोण गं तुमची?”

“माझी थोरली,” आक्का म्हणाली. मैदानभर ऐकू गेलं. “लई हसायची. बापाचा मार खाऊन बी हसायची.”

म्हातारी सरकून नीट बसली. “मग?” ती म्हणाली.

आक्का सांगू लागली. इम्रान ड्रम उचलून उभा होता, बाळू स्पीकर धरून. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. त्या दोघींना उठा म्हणून सांगायला कुणी पुढं झालं नाही.